‘वारे’ म्हणजे गाव की वारा? संदेशजोडणीतील गुणधर्मांची गोष्ट

एका संगणकप्रणालीतून निघालेला संदेश दुसऱ्या प्रणालीपर्यंत कसा जाईल, हे ओळीओळीने कोड लिहिण्याऐवजी पडद्यावर चित्र मांडून ठरवता येते. या पद्धतीला दृश्य संदेशजोडणी म्हणतात. पडद्याच्या कडेला घटकांची, म्हणजे कंपोनंटची, यादी असते. संदेश आणणारा घटक, तो वाचणारा, वाट बदलणारा आणि पुढे पाठवणारा अशा चौकटी उचलून मधल्या मोकळ्या जागेत ठेवायच्या आणि रेषांनी जोडायच्या. चित्र थोड्या वेळात तयार होते आणि काम झाल्यासारखे वाटते. मात्र कोणत्याही चौकटीवर डबल-क्लिक केले की रकान्यांचा एक फॉर्म उघडतो. हे रकाने म्हणजे त्या घटकाचे गुणधर्म, म्हणजेच प्रॉपर्टी. संदेश कुठून कुठे जातो एवढेच चित्रावरून कळते. कोणता संदेश, केव्हा, कोणत्या लिपीत, किती वेळा पाठवायचा आणि तो पोहोचला नाही तर काय करायचे, हे सगळे गुणधर्मांत ठरते. जोडणी चुकते ती बहुधा या रकान्यांत; रेषांत क्वचितच.

या क्षेत्राची परिभाषा घडवण्यात ग्रेगर होप आणि बॉबी वुल्फ यांच्या २००३ मधील ‘एंटरप्रायझ इंटिग्रेशन पॅटर्न्स’ या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. संदेशवहनात पुन्हा पुन्हा येणाऱ्या रचनांना त्यांनी नावे दिली आणि प्रत्येकीसाठी एक चिन्ह ठरवले. त्या रचनांवर उभे असलेले ‘अपाची कॅमल’ हे मुक्त सॉफ्टवेअर २००७ मध्ये आले. २०१३ मध्ये आयबीएममधील निक ओ’लिअरी आणि डेव्ह कॉनवे-जोन्स यांनी ‘नोड-रेड’ तयार केले. तेही मुक्त आहे आणि लहानशा संगणकावरही चालते, त्यामुळे महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांपासून कारखान्यांपर्यंत ते वापरले जाते. पुढील उदाहरणांत मुख्यतः नोड-रेडचे रकाने आहेत, पण त्यामागचा विचार अशा कोणत्याही साधनाला लागू पडतो.

गुणधर्मांचे महत्त्व कळण्यासाठी आरे-वारेसारखी दुसरी जागा शोधून सापडणार नाही. रत्नागिरीहून किनाऱ्याने गणपतीपुळ्याला जाताना डोंगराच्या कडेने वळणारा रस्ता लागतो, आणि त्याच्या दोन अंगांना आरे आणि वारे या गावांचे जुळे किनारे दिसतात. वरून पाहताना समुद्र शांत भासतो. खाली पाण्याची ओढ जबर असते आणि पोहायला उतरलेल्या पर्यटकांचे इथे बळी गेले आहेत. उधाणाच्या भरतीला पाणी कुठवर येते आणि भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत ते किती मागे राहते, हे गावकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सातारा-कोल्हापूरहून दोन तासांसाठी उतरलेल्या कुटुंबाला ते ठाऊक नसते. त्याच्यापर्यंत इशारा वेळेवर आणि कळेल अशा शब्दांत पोहोचणे हा जिवाचा प्रश्न आहे.

कोकणपट्टीला इशारे नवे नाहीत. बंदरावर धोक्याचा बावटा चढवण्याची पद्धत भारतात १८६५ मध्ये कोलकाता बंदरापासून सुरू झाली. आजही वादळी हवामानात ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य मिरकरवाड्यापासून जयगडपर्यंत समजते. या बावट्यालाही गुणधर्म होते. एक ते अकरा हा त्याचा क्रमांक. दिवसा शंकू आणि नळकांडी यांच्या आकृती चढत, रात्री त्याच अर्थाचे दिवे लागत. संदेश एकच, पण पाहणाऱ्याच्या परिस्थितीनुसार त्याचे रूप बदलायचे, हा विचार त्या काठीवर दीडशे वर्षांपूर्वीच होता.

आज लाटांचे आणि त्सुनामीचे इशारे हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या राष्ट्रीय महासागर माहिती केंद्रातून निघतात, तर पाऊस आणि चक्रीवादळांचे इशारे भारतीय हवामान विभागाकडून. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी सी-डॉट या सरकारी संस्थेने उभारलेली ‘सचेत’ ही व्यवस्था असे इशारे एकत्र करून लोकांपर्यंत नेते. या साऱ्यांना समान असा संदेशाचा साचा म्हणजे ‘कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल’. त्याची १.२ ही आवृत्ती २०१० मध्ये ओअ‍ॅसिस या मानक-संस्थेने मंजूर केली. पुढे वर्णिलेली जोडणी नमुन्याची आहे: किनाऱ्यावरच्या एखाद्या संस्थेला याच साच्यातील इशारा घेऊन मराठीतून जीवरक्षक, हॉटेलचालक आणि ग्रामपंचायतीच्या ध्वनिक्षेपकापर्यंत आणि फलकापर्यंत न्यायचा आहे, असे समजावे.

पहिला घटक इशारा आणणारा. त्याच्या फॉर्ममध्ये पत्ता असतो, दर किती वेळाने विचारायचे याचा कालावधी असतो आणि उत्तराची वाट किती वेळ पाहायची याची मर्यादा असते. रकाना रिकामा सोडला तरी जोडणी चालते, कारण सॉफ्टवेअरने आपल्या बाजूने एक मूल्य धरलेले असते. हे गृहीत मूल्य, म्हणजे डिफॉल्ट, दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी घेतलेला निर्णय असतो. नोड-रेडमध्ये प्रवाह सुरू करणाऱ्या ‘इंजेक्ट’ घटकाचे गृहीत मूल्य ‘पुनरावृत्ती नाही’ असे आहे. तो रकाना भरला नाही तर चित्र नेमके असूनही इशारा आपणहून कधीच मागितला जात नाही. संकेतस्थळाकडून माहिती मागणारा घटक उत्तरासाठी १२० सेकंद थांबतो. दर मिनिटाला विचारणा करायची असेल तर ही मर्यादा विचारणेच्या कालावधीपेक्षा मोठी ठरते आणि अनुत्तरित मागण्या एकावर एक साठत जातात. कॅमलमध्ये अयशस्वी संदेश पुन्हा किती वेळा पाठवायचा याचे गृहीत मूल्य शून्य आहे. ही मूल्ये चूक नाहीत. ती किनाऱ्याचा विचार करून ठरवलेली नाहीत, इतकेच.

दुसरा घटक आलेला संदेश वाचतो. साच्यातील ‘स्टेटस’ हा रकाना इथे सर्वात आधी पाहायला हवा. इशारा खरा आहे, सरावाचा आहे, की चाचणीचा, हे त्यात लिहिलेले असते. ‘अ‍ॅक्चुअल’, ‘एक्सरसाइज’ आणि ‘टेस्ट’ यांत भेद न करणारी जोडणी सरावाच्या दिवशी किनारा रिकामा करायला लावेल, आणि दोनदा असे झाले की तिसऱ्या वेळी लोक जागचे हलणार नाहीत. त्याच्या जोडीचा रकाना संदेशाच्या प्रकाराचा: नवा इशारा, सुधारित इशारा की रद्द. नवशिक्या मांडणीत केवळ नवे इशारे पुढे जाऊ देण्याची अट घातली जाते. मग धोका टळल्याचा संदेश गाळला जातो आणि फलकावर कालचा इशारा तसाच राहतो. एकच इशारा दर पाच मिनिटांनी पुन्हा वाचला जाणार, म्हणून संदेशाचा ओळखक्रमांक लक्षात ठेवून तो दुसऱ्यांदा पाठवू नये, अशी सूचनाही याच टप्प्यावर द्यावी लागते.

वेळेचा रकाना साधा दिसतो, पण फसवतो. इशारा रात्री ११:३० पर्यंत लागू आहे, असे समजू. जागतिक प्रमाणवेळेत हीच वेळ संध्याकाळची ६ होते, कारण भारतीय वेळ साडेपाच तास पुढे आहे. संदेशात वेळेसोबत हा फरकही लिहिलेला असतो. संदेशातील वेळ प्रमाणवेळेत असली आणि वाचणाऱ्या घटकाच्या वेळ-क्षेत्राच्या गुणधर्मात तो फरक गळून पडला, तर जोडणी इशारा संध्याकाळी ६ वाजताच संपला असे मानते. सुट्टीच्या दिवशी आरे-वारेच्या वाळूवर सर्वाधिक गर्दी असते ती नेमकी सूर्यास्ताच्या या वेळी.

जागेच्या बाबतीत तर चूक हजारो किलोमीटरची होते. इशाऱ्याच्या साच्यात प्रत्येक बिंदूचे अक्षांश आधी आणि रेखांश नंतर लिहितात. नकाशांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘जिओजेसन’ या साच्यात क्रम उलटा आहे. आरे-वारे साधारण १७ अंश उत्तर अक्षांश आणि ७३ अंश पूर्व रेखांशावर आहे. रूपांतर करणाऱ्या घटकात हे दोन रकाने अदलाबदल झाले तर किनारा ७३ अंश उत्तर आणि १७ अंश पूर्वेवर जाऊन पडतो. ती जागा नॉर्वेच्या उत्तरेकडील थंड समुद्रात आहे. सॉफ्टवेअर यावर हरकत घेत नाही. दोन्ही आकडे त्याच्या दृष्टीने वैध असतात.

ही सारी आकडेमोड टाळून गावाच्या नावावरूनच इशारा ओळखावा, असा मोह होतो. ‘मजकुरात आरे किंवा वारे आले तर पुढे पाठव’ असा नियम एका रकान्यात बसतो. पण वारे हे जसे गावाचे नाव आहे तसेच ते ‘वारा’ या शब्दाचे अनेकवचनही आहे. ‘वादळी वारे वाहतील’ हे वाक्य विदर्भाच्या इशाऱ्यातही येणार आणि आरे-वारेच्या जीवरक्षकाचा फोन गडचिरोलीतल्या वादळासाठी वाजणार. आरे नावाचेही तसेच. मुंबईतील आरे वसाहतीचा उल्लेख बातमीत आणि सूचनेत नेहमीच होतो. शिवाय मूळ इशाऱ्यात बहुतेक वेळा जिल्ह्याचे किंवा किनारपट्टीचे नाव असते, गावाचे नसतेच. म्हणून वाट ठरवणाऱ्या घटकाचा नियम नावावर न बांधता इशाऱ्यासोबत येणाऱ्या क्षेत्राच्या सीमारेषेवर किंवा सांकेतिक क्रमांकावर बांधावा. हे काम अधिक कटकटीचे आहे आणि तेच योग्य आहे.

वाट ठरवणारा घटक म्हणजे ‘स्विच’. त्यात अटी एकाखाली एक लिहितात. पहिली अट, लाट ३ मीटरहून उंच असेल तर तातडीचा इशारा. दुसरी, २ मीटरहून उंच असेल तर सावधगिरीची सूचना. या यादीच्या तळाशी एक लहानसा गुणधर्म असतो: सगळ्या अटी तपासायच्या, की पहिली जुळताच थांबायचे? सगळ्या तपासल्या तर साडेतीन मीटरची लाट दोन्ही वाटांनी जाते आणि जीवरक्षकाला एकाच क्षणी दोन संदेश मिळतात: एक ‘किनारा रिकामा करा’, दुसरा ‘सावध राहा’. पहिल्या जुळणीवर थांबायचे ठरवले, पण २ मीटरची अट वर लिहिली, तर साडेतीन मीटरच्या लाटेसाठी केवळ सौम्य सूचना निघते. अटी त्याच आणि चित्रही तेच राहते. क्रम आणि एक निवड एवढ्यावर अर्थ बदलतो. कोणत्याच अटीत न बसणाऱ्या संदेशासाठीही एक वाट ठेवावीच लागते. लाटेची उंची आकड्याऐवजी शब्दांत आली, किंवा इंग्रजी अंकांऐवजी देवनागरी अंकांत आली, तर तुलना फसते आणि संदेश मुकाट्याने गळून पडतो.

मराठीसाठी सर्वात जपून भरावा असा गुणधर्म म्हणजे एन्कोडिंग, अर्थात अक्षरे कोणत्या संकेतात साठवायची. युनिकोडमध्ये ‘आरे-वारे’ हा शब्द आठ चिन्हांचा आहे: आ, र, एकार, जोडरेघ, व, काना, र, एकार. ‘यूटीएफ-८’ या संकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि जोडरेघेला एक, म्हणजे एकूण २२ बाइट. पाठवणाऱ्या घटकाचे एन्कोडिंग केवळ इंग्रजी अक्षरांपुरते राहिले, तर ग्रामपंचायतीच्या फलकावर ‘???-????’ एवढेच उमटते.

लघुसंदेशाचे गणित याहून कडक असते. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. साध्या इंग्रजी संकेतात त्यातून १६० अक्षरे निघतात, देवनागरीत फक्त ७० चिन्हे. ‘आरे-वारे किनाऱ्यावर आज उंच लाटांचा इशारा. समुद्रात उतरू नका.’ हा मजकूर ६० चिन्हांचा आहे, एका संदेशात बसतो. त्यात ‘रात्री ११:३० पर्यंत’ हे शब्द घातले की तो ८० चिन्हांचा होतो आणि दोन तुकड्यांत जातो. तुकडे जोडण्यासाठीही जागा लागते, त्यामुळे प्रत्येकात ६७ चिन्हेच उरतात. लांब मजकूर तुकडे करून पाठवायचा, की मर्यादेपाशी कापून टाकायचा, हा एक गुणधर्म असतो. कापला जाणारा भाग शेवटचा, आणि मराठी वाक्यात क्रियापद आणि नकार शेवटीच असतात. ‘समुद्रात उतरू नका’मधला ‘नका’ कापला गेला तर उरलेला मजकूर काय सांगेल? म्हणून मराठी इशाऱ्याचा साचा लिहिताना आज्ञा आधी आणि तपशील नंतर ठेवावा, आणि साचा आकाराच्या मर्यादेत बसतो की नाही हे चिन्हे मोजून पाहावे.

‘किनाऱ्यावर’ या शब्दात आणखी एक अडचण आहे. त्यातला अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो: स्वतंत्र चिन्हाने, ‘र’खाली नुक्ता देऊन, किंवा ‘र’ला हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह लावून. डोळ्यांना सगळे जवळपास सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. एका संगणकावर टाइप केलेला शब्द दुसऱ्यावरून आलेल्या मजकुरात शोधला तर सापडत नाही. मजकूर तुलनेपूर्वी एकसारखा करून घेण्याची सोय बहुतेक साधनांत आहे, पण ती मागावी लागते. तिन्ही रूपे एका साच्यात येतात का, हे मराठी मजकुरावर चाचणी करूनच ठरवावे. हे रकाने मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसानेच तपासायला हवेत. इंग्रजी मजकुरावर केलेल्या चाचणीत यातली एकही चूक दिसत नाही.

शेवटचा घटक संदेश पाठवतो आणि त्याचे महत्त्वाचे गुणधर्म अपयशाविषयीचे असतात. पावसाळ्यात वीज जाते, टॉवर बंद पडतो. संदेश गेला नाही तर किती वेळा आणि किती अंतराने पुन्हा पाठवायचा? ठरावीक अंतराने सतत प्रयत्न केला तर सावरू पाहणाऱ्या यंत्रणेवर भार पडतो, म्हणून प्रत्येक वेळी अंतर दुप्पट करण्याची पद्धत आहे. तरीही न गेलेला संदेश वेगळ्या रांगेत ठेवतात. तिला ‘डेड लेटर’ म्हणतात, टपालखात्यातील बेवारशी पत्रांच्या धर्तीवर. ती रांग रोज कोणीतरी पाहणार असेल तरच तिचा उपयोग. आणि इशाऱ्याला मुदत असते. रात्री ११:३० ला संपलेला इशारा दुसऱ्या दिवशी सकाळी टॉवर सुरू झाल्यावर जाऊन पोहोचला, तर तो गोंधळच वाढवतो. पुन्हा पाठवण्याचा गुणधर्म आणि मुदतीचा गुणधर्म म्हणूनच एकत्र विचार करून भरायचे असतात, जरी ते फॉर्मच्या दोन वेगळ्या पानांवर असले तरी.

पासवर्ड आणि सर्व्हरचे पत्ते चित्रात लिहू नयेत. नोड-रेड पासवर्ड वेगळ्या सांकेतिक फाइलमध्ये ठेवते, आणि जागेनुसार बदलणारी मूल्ये बाहेरून घेण्याची सोयही देते. त्यामुळे तेच चित्र चाचणीच्या संगणकावर आणि प्रत्यक्ष वापरात न बदलता चालते. रकाना अपुरा किंवा चुकीचा भरलेल्या घटकावर लाल त्रिकोण दिसतो आणि बदल केला पण ‘डिप्लॉय’, म्हणजे लागू, केला नाही तर निळा ठिपका. त्रिकोण नसणे म्हणजे मूल्य बरोबर असणे नव्हे. अक्षांश-रेखांश उलटे पडले, तरी त्रिकोण उमटत नाही.

या साखळीतला खरा अखेरचा घटक कोणत्याही कार्यालयात नसतो; तो किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या खिशात असतो. एसएमएससाठी नंबरांची यादी लागते आणि पर्यटकाचा नंबर कोणाच्याच यादीत नसतो. म्हणून टॉवरच्या क्षेत्रातील सर्व फोनवर एकदम जाणाऱ्या ‘सेल ब्रॉडकास्ट’ पद्धतीच्या चाचण्या २०२३ मध्ये देशभर झाल्या. अनेकांचे फोन तेव्हा मोठ्या आवाजात वाजले होते. या घटकालाही गुणधर्म आहेत. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट’ या नावाने ते सापडतात आणि तिथला स्विच बंद असू शकतो. ‘सचेत’चे मोफत अ‍ॅप घेऊन त्यात आपला जिल्हाही निवडता येतो. कोकणच्या वाटेला लागण्यापूर्वी वाचकांनी आपल्या आणि घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये हा एक रकाना उघडून पाहावा आणि तो चालू ठेवावा.